उजव्या सीटवरच्या मुलालाही एखादा संवाद द्या

मालिका आणि वेबसिरीज लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्या घराघरांत पोचवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी प्रवासी विमान चालवते. १९ वर्षं झाली. त्यातली पहिली ८ वर्षं को-पायलट म्हणून उजव्या सीटवर काढली, त्यानंतर कॅप्टन म्हणून डाव्या सीटवर आले. नोकरीच्या नियमांमुळे पत्राखाली नाव देता येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. बाकी जे लिहिते आहे ते पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नागपूरहून मुंबईला येत होतो. पाऊस मी म्हणत होता. घाटकोपरच्या अंगाने मुख्य धावपट्टीकडे उतरत असताना जमिनीपासून साधारण ४०० फुटांवर वारा अचानक फिरला आणि आमचा वेग वाढला. शेजारी लातूरकडचा एक पंचविशीतला मुलगा होता, या विमानावर येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तो म्हणाला, "स्पीड." मी सावरत होते. दोन-तीन सेकंदांनी तोच म्हणाला, "गो-अराउंड." म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला. मी इंजिनांचा जोर वाढवणारे थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले, नाक वर घेतलं, "गो-अराउंड, फ्लॅप्स" म्हटलं. त्याने पंखांमागचे फ्लॅप एक घर वर घेतले, वर चढतोय याची काट्यांवर खात्री केली आणि सांगितलं, "पॉझिटिव्ह क्लाइंब." मी म्हणाले, "गिअर अप," म्हणजे चाकं वर. दीडेक मिनिटात जुहूचा किनारा मागे टाकून आम्ही समुद्रावर होतो. कॉकपिटमध्ये कुणीही आवाज चढवला नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा रांगेत लागून त्याच धावपट्टीवर उतरलो.

प्रवासी उतरत असताना मी दाराशी उभी राहिले. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या एक आजी होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "पोरी, टीव्हीत दाखवतात ना, तस्संच झालं गं. वाचवलंस आम्हाला." त्यांच्या मागून चाळिशीतले एक गृहस्थ आले. ते म्हणाले, "पहिल्याच वेळी नीट उतरवायला काय झालं होतं? बाईचा आवाज ऐकला तेव्हाच मला शंका आली होती."

त्या रात्री घरी जाताना दोघांचंही बोलणं डोक्यातून जाईना. आजींना वाटलं मी चमत्कार केला. त्या गृहस्थांना वाटलं मला जमलं नाही. घडलं होतं ते एवढंच, की अंदाजापेक्षा वेग जास्त झाला, नियमाप्रमाणे ज्याला आधी दिसलं त्याने सांगितलं, आणि आम्ही पुन्हा प्रयत्न केला. मुंबईच्या पावसाळ्यात ही कामाचीच गोष्ट आहे. पण दोघांच्याही मनात विमानाचं जे चित्र होतं त्यात या साध्या गोष्टीला जागाच नव्हती. हे चित्र बहुतेकांच्या मनात आलं कुठून, तर तुमच्याकडून. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्या पडद्यावरचं कॉकपिट मला आता पाठ झालं आहे. बाहेर विजा, आत लाल दिवे, कॅप्टन घामाघूम. तो एकटा झुंजतो. शेजारचा को-पायलट "सर, आता काय होणार?" एवढंच विचारतो, किंवा देवाचं नाव घेतो. कंट्रोल टॉवर उतरू नका म्हणून ओरडतो. कॅप्टन दात-ओठ खातो, मागे बसलेली माणसं आठवतो आणि उतरवतोच. मग टाळ्या.

या प्रसंगातली विजांची किंवा दिव्यांची चूक मी काढत बसणार नाही. नाट्य लागतंच, ते मलाही आवडतं. माझी आई रात्री साडेआठची मालिका चुकवत नाही आणि सुट्टीवर असले की मीही तिच्या शेजारी बसते. माझं म्हणणं फक्त एका गोष्टीपुरतं आहे. तुम्ही ज्याला शौर्य म्हणून दाखवता, म्हणजे सगळ्यांचं न ऐकता उतरवणं, त्याने आपल्या देशात माणसं मेली आहेत.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत जे बाहेर आलं ते आम्हा प्रत्येक वैमानिकाला शिकवलं जातं: को-पायलटने उतरण्याआधी तीनदा गो-अराउंड करायला सांगितलं होतं. कॅप्टनने उतरवलं.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, पुन्हा दुबईहूनच आलेलं विमान, पुन्हा टेबलटॉप धावपट्टी, या वेळी कोझिकोड. भर पावसात विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं आणि पुढे खाली कोसळलं. २१ माणसं गेली, त्यात दोघंही वैमानिक. कॅप्टन मराठी होते, हवाई दलातून आलेले, अनुभवी आणि आमच्या क्षेत्रात मानाने नाव घेतलं जाणारे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर एक मजकूर फिरत होता: तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, स्वतःचा जीव देऊन प्रवाशांना वाचवलं. माझ्या नातेवाइकांनीही तो मला पाठवला. लिहिणाऱ्यांचं दुःख खरं होतं. पण तो मजकूर वाचताना मला तुमच्या मालिकांचीच पटकथा वाचल्यासारखी वाटली, कारण वैमानिकाच्या मृत्यूबद्दल बोलायला लोकांकडे दुसरी भाषाच नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये अधिकृत अहवाल आला. त्यात होतं की अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, स्थिर नव्हता, को-पायलटने गो-अराउंड म्हटलं होतं, तरी उतरवलं गेलं. आणि कॉकपिटमधल्या ज्येष्ठ-कनिष्ठ अंतराचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. को-पायलट ठाम राहून विमान आपल्या हातात घेऊ शकला नाही, कारण शेजारी एवढा मोठा माणूस बसलेला होता.

अहवाल आल्यावर तीच माणसं, तेच फोन, आता कॅप्टनना दोष देऊ लागले. वर्षभरापूर्वीचा देवमाणूस एका दिवसात गुन्हेगार झाला. गेलेल्या माणसावर दोन्ही वेळा अन्याय झाला, असं मला मनापासून वाटतं. पाऊस, पाठीमागून येणारा वारा, कॅप्टनच्या बाजूचं नीट न चालणारं वायपर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाची काळजी, हे सगळं त्या अहवालात आहे. पण नायक किंवा खलनायक एवढ्या दोनच खोक्यांत माणूस बसवायची सवय लागली की बाकी सगळं गळून पडतं.

आमच्या धंद्याने हा धडा खूप आधी, फार मोठी किंमत मोजून घेतला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ जीव गेले. एका विमानाच्या अत्यंत नामांकित कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच उड्डाण सुरू केलं होतं आणि समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे का, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. त्यानंतर काही वर्षांतच जगभरच्या विमान कंपन्यांनी वैमानिकांना एकमेकांशी बोलायला शिकवायला सुरुवात केली. धाकट्याने स्पष्ट बोलायचं, थोरल्याने ऐकायचं. आज आम्हाला त्याचं नियमित प्रशिक्षण होतं. दोघांपैकी कुणीही गो-अराउंड म्हटलं की आधी गो-अराउंड करायचं, वाद झालाच तर वर गेल्यावर.

आता हे आपल्याकडे किती अवघड आहे ते बघा. आपल्या घरात मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, हे बोलायला यायच्या आधी शिकवलं जातं. तुमच्या बहुतेक मालिकाही त्यावरच उभ्या आहेत. आत्याबाई चुकतात, सगळ्यांना दिसतं, पण सून मान खाली घालते, आणि तिचं गप्प राहणं म्हणजेच तिचे संस्कार असं पार्श्वसंगीत सांगतं. त्याच घरातून, त्याच दिवाणखान्यातून उठून एखादा मुलगा फ्लाइंग स्कूलला जातो. तिथून दोनशे तासांचा अनुभव घेऊन तो माझ्या उजव्या हाताला येऊन बसतो. माझे दहा हजार तास झालेले असतात, मी त्याच्या आईच्या वयाची असते, आणि मी चुकतेय हे त्याला दिसलं तर पुढच्या दोन सेकंदांत त्याने मला तोंडावर सांगायचं असतं. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावासाठीच्या जमिनीवरच्या कॉकपिटमध्ये, मी मुद्दाम चुका करते आणि बघते, किती मुलं बोलतात. पहिल्या-दुसऱ्या वेळी अनेक जण घसा खाकरतात, चुळबुळ करतात, "मॅम, ते जरा..." म्हणतात आणि थांबतात. "जरा" म्हणेपर्यंत विमान दोनशे फूट खाली आलेलं असतं. त्यांच्याकडे ज्ञान असतं. कमी पडतं ते इतकंच, की असं बोललेलं त्यांनी कधी कुणाला पाहिलेलं नसतं.

तुम्ही ते दाखवू शकता. आमचे वर्ग काही हजार लोकांपर्यंत पोचतात, तुमचा एक भाग कोटींपर्यंत.

प्रवाशांच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे. गो-अराउंड केल्यावर दोन-तीन मिनिटं आमच्याकडून काही घोषणा येत नाही. मागे माणसं घाबरलेली असतात, इंजिनांचा आवाज वाढलेला, जमीन दूर जाताना दिसते, कुणीतरी रडायला लागतं, आणि पायलट गप्प. ते का, कुणाला माहीत नसतं. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, त्यानंतर बोलायचं. त्या दोन-तीन मिनिटांत आम्ही चाकं वर घेत असतो, उंची आणि वळण पाळत असतो, टॉवरशी बोलत असतो. पडद्यावर मात्र कॅप्टन अशा वेळी माइक हातात घेऊन थरथरत्या आवाजात प्रवाशांचा निरोप घेतो. साहजिकच शांतता झाली की लोकांना वाटतं, आता सांगण्यासारखंही काही उरलं नाही. एकदा तरी दाखवा की ती शांतता म्हणजे दोन माणसं लक्ष देऊन काम करत आहेत.

इंधनाचंही तसंच. विमान वळवून दुसऱ्या शहरात नेलं, म्हणजे डायव्हर्ट केलं, की मागे चर्चा सुरू होते की आता इंधन संपत आलं. प्रत्येक उड्डाणाला मुक्कामापर्यंतचं इंधन, वर काही टक्के जादा, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याहीवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं, असा हिशेब करूनच आम्ही निघतो. मुंबईचं विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला उतरलं तर ते ठिकाण बहुधा निघतानाच कागदावर लिहिलेलं असतं. ज्या कॅप्टनने डायव्हर्ट केलं तो वेळेवर निर्णय घेणारा कॅप्टन आहे. मी मात्र त्याबद्दल शिव्या खाल्ल्या आहेत, आणि माझ्या केबिन क्रूच्या मुलींनी माझ्यापेक्षा जास्त.

शिव्यांवरच थांबत नाही. १४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीहून गोव्याला निघणाऱ्या विमानात उशिराची घोषणा करत असलेल्या वैमानिकाला एका प्रवाशाने धावत येऊन मारलं. त्याचं चित्रण देशभर फिरलं. दिल्लीत त्या दिवशी धुकं होतं, आणि तो वैमानिक आधीच्या क्रूची ड्युटी संपली म्हणून बदली आलेला होता. ड्युटीचे तास संपणं ही गोष्ट तुमच्या मालिकांमध्ये नसतेच, तिथला पायलट कधी दमत नाही. खरा दमतो. म्हणूनच विश्रांतीचे नियम आहेत. २०२५ मध्ये ते कडक झाले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वैमानिकांची जुळवाजुळव न झाल्याने हजारो उड्डाणं रद्द झाली. लोकांचे हाल झाले, लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या, त्यांचा संताप मला समजतो. पण "पायलट लोक आराम मागतात" असं जे बोललं गेलं ते ऐकवत नव्हतं. पहाटे तीनला उठून चार उड्डाणं केलेल्या माणसाच्या पापण्या कशा जड होतात ते एकदा कॅमेऱ्याने जवळून दाखवा, मग लोक स्वतःच म्हणतील, याला झोपू द्या.

दारूबद्दलही लिहायलाच हवं, कारण तुमचा "दुःखी पायलट" हमखास ग्लास हातात घेऊन बसलेला असतो आणि पुढच्या दृश्यात गणवेशात. आपल्या देशात ड्युटीवर येताना आमची श्वासचाचणी होते, कॅमेऱ्यासमोर. उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा परवाना रद्द. सर्दीचं औषधही आम्ही डॉक्टरला विचारल्याशिवाय घेत नाही.

आणि बायका. आपल्याकडे सुमारे १५ टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासोबत कलकत्त्याहून सिलचरला फॉकर विमान नेलं, सगळा क्रू स्त्रियांचा होता. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तरी गणवेशावर चार पट्टे असताना मला अजून विचारतात, "मॅडम, पायलट कुठे आहेत?" पडद्यावर वैमानिक मुलगी आली की तिची गोष्ट लग्न की नोकरी इथेच अडकते. तिला एकदा खराब हवेत शांतपणे निर्णय घेताना दाखवा. पावसाळ्यातल्या त्या गृहस्थांना मी काय उत्तर देणार होते? माझं उत्तर त्यांना आधीच, त्यांच्या घरच्या टीव्हीवर मिळायला हवं होतं.

खऱ्या माणसांवर लिहिताना तर अधिकच जपायला हवं. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर १९९९ च्या कंदाहार अपहरणावरची मालिका आली. ती आदराने केलेली होती, मी ती दोनदा पाहिली. पण त्या विमानाचे खुद्द कॅप्टन देवी शरण यांनी नंतर सांगितलं की मालिकेत दाखवल्याप्रमाणे तुंबलेली पाइप त्यांनी स्वतः दुरुस्त केली नव्हती, त्यासाठी आलेल्या कामगाराला ते जागा दाखवायला सोबत गेले होते. आणि शेवटी परराष्ट्रमंत्र्यांनी सॅल्यूट केला असं दाखवलं, तसंही झालं नव्हतं. आठ दिवस बंदुकीच्या छायेत काढलेल्या माणसाला सॅल्यूटची भर कशाला लागावी? त्यांनी स्वतः ती मागितली नाही, उलट खरं काय ते सांगितलं. हीच आमच्या पेशाची रीत आहे, घडलं तसं लिहून द्यायचं, आपल्या कौतुकाचं असलं तरी वाढवायचं नाही.

हे लिहिताना माझ्या मनात अहमदाबाद आहे. १२ जून २०२५ रोजी तिथून लंडनला निघालेलं विमान कोसळलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जीव गेले. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. त्यात कॉकपिटमधल्या संभाषणाबद्दल इतकंच होतं, की एकाने दुसऱ्याला विचारलं तू इंधन का बंद केलंस, आणि दुसऱ्याने मी केलं नाही असं सांगितलं. कोण कुणाला म्हणालं, हेही त्यात नव्हतं. तेवढ्या दोन वाक्यांवर किती स्टुडिओंनी नकली कॉकपिट उभी केली, नटांचे हात वापरले, मेलेल्या माणसांच्या मनात काय चाललं होतं ते सांगितलं. त्या आठवड्यांत आम्ही रोज उडत होतो. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांच्या नजरा बदललेल्या होत्या, एका काकूंनी माझ्या मुलीला विचारलं, "आई बरी असते ना गं घरी? गप्प गप्प नसते ना?" पोरगी अकरा वर्षांची आहे.

तुमच्यापैकी कुणीतरी कधी ना कधी अहमदाबादवर लिहायला बसेल, हे मला माहीत आहे. हात जोडून विनंती करते, अंतिम चौकशी अहवाल समोर ठेवल्याशिवाय पहिलं पान लिहू नका. आणि त्यातल्या कुणाही वैमानिकाच्या तोंडी तो बोलला नाही असं एकही वाक्य घालू नका. त्यांच्या घरी माणसं आहेत.

बाकी सगळ्यासाठी आम्ही मदतीला आहोत. मुंबई-पुण्यात निवृत्त कॅप्टन भरपूर आहेत, रिकामा वेळ आहे, आठवणी आहेत, आणि विचारलं तर आनंदाने सांगतील. पटकथेची चार पानं दाखवून "असं होतं का हो?" एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

आणि जमलं तर एकदा रीतसर परवानगी काढून सिम्युलेटरला या. दर सहा महिन्यांनी आमची तिथे परीक्षा होते, चार तासांचं एक सत्र. प्रशिक्षकाच्या बाजूला मागे एक जादा खुर्ची असते. तिथून दोघांचेही चेहरे पूर्ण दिसत नाहीत, पण बोलणं स्वच्छ ऐकू येतं. वही घेऊन बसा आणि चारही तास फक्त उजव्या सीटवरचा काय बोलतो ते लिहून घ्या. तो केव्हा बोलला, किती शब्दांत बोलला, आणि डाव्या सीटवरच्याने पुढच्या सेकंदाला काय केलं.

आपली नम्र,
मुंबईहून उडणारी एक कॅप्टन